माफी कोणी दिली ते नंतर, आधी कारणाचा कागद मागा

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "२००७ मध्ये बांधाच्या भांडणातून माझ्या वडिलांचा खून झाला. २०१० च्या जूनमध्ये सेशन कोर्टाने आरोपीला जन्मठेप दिली आणि हायकोर्टात ती कायम झाली. गेल्या महिन्यात तो माणूस गावात आला. चौकात हार घातले, फटाके फोडले. आम्हाला ना नोटीस, ना चिठ्ठी. कोणी म्हणतं राज्यपालांनी माफी दिली, कोणी म्हणतं आमदाराने काम केलं. माफी देताना कोणाला काही विचारावं लागत नाही का? कारण सांगावं लागत नाही का? आता आम्हाला काही करता येईल का?"

ताई, मी तीसेक वर्षं जळगावला फौजदारी वकिली करतो. आधी काही वर्षं सरकारी बाजूने उभा राहिलो, मग बचावाच्या, आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरून कैद्यांची कामंही केली. त्यामुळे तुमच्यासारखी घरं मी पाहिली आहेत, आणि 'चौदा वर्षं झाली, पोरगा का सुटत नाही' म्हणून कोर्टाच्या पायरीवर येऊन बसणाऱ्या आयाही पाहिल्या आहेत. माझं उत्तर या दोन्ही अनुभवांतून आलेलं आहे. ते तुम्हाला पूर्ण आवडेलच असं नाही.

सगळ्यात आधी तो माणूस कोणत्या दाराने बाहेर आला ते कळायला हवं. गळ्यात हार पडले म्हणून तो सुटला असं होत नाही. आपल्याकडे 'सुटला' हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात.

पहिली गोष्ट रजा. संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. ही १९५९ च्या नियमांनी मिळते आणि संपली की कैद्याला परत जावं लागतं. अशा रजेवर आलेल्या माणसाची मिरवणूक निघालेली मी स्वतः पाहिली आहे. तीन आठवड्यांनी तोच माणूस गपचूप भुसावळहून गाडीत बसून नाशिकरोडच्या जेलमध्ये परत गेला. दुसरी गोष्ट जेलची माफी: चांगलं वर्तन आणि काम यांसाठी दरमहा काही दिवस जमा होतात, १९६२ च्या नियमांप्रमाणे. ती हिशेबात धरतात, पण जन्मठेपेचा कैदी नुसत्या तिच्यावर बाहेर येत नाही. तिसरी गोष्ट मुदतपूर्व सुटका. ही राज्य सरकार देतं, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३२ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७३ खाली. चौथी, घटनेतली: राज्यपालांचा अनुच्छेद १६१ चा आणि राष्ट्रपतींचा अनुच्छेद ७२ चा अधिकार.

गावात सगळे 'राज्यपालांनी सोडलं' म्हणतात, पण खून प्रकरणातले बहुतेक कैदी तिसऱ्या दाराने येतात. म्हणून आधी पोलीस ठाण्यात जाऊन एवढंच विचारा की तो रजेवर आहे की कायमचा सुटला. रजेवरच्या कैद्याची नोंद ठाण्यात असते, ठरल्याप्रमाणे त्याला तिथे हजेरीही द्यावी लागते.

आता 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' ही समजूत. ती चुकीची आहे आणि आजची नाही. गोपाळ गोडसेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केलं होतं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. माफी मागता येते, पण ती हक्काने आपोआप पदरात पडत नाही. चौदा हा आकडा नंतर कलम ४३३-अ ने आला. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही. नव्या संहितेत हेच कलम ४७५ आहे. प्रत्यक्ष म्हणजे जमा झालेली माफी न धरता. पॅरोलवर घालवलेले दिवससुद्धा त्यात मोजायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात ठरवलं. मात्र ही चौदाची अट राज्यपालांच्या घटनात्मक अधिकाराला लागू नाही. हे २०२१ मध्ये हरियाणाच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं गेलं. म्हणून तर दार कोणतं हे आधी विचारायचं.

चौदा वर्षं भरली म्हणजे सुटका झाली असंही नाही. महाराष्ट्रात गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे वर्गवारी आहे. १५ मार्च २०१० च्या शासन निर्णयात कोणत्या वर्गाच्या कैद्याने माफी धरून किती वर्षं काढायची ते लिहिलेलं आहे, २२, २४, २६ वर्षं असे टप्पे आहेत. तुमच्या प्रकरणात शिक्षा जून २०१० मधली, म्हणजे साधारणपणे हाच निर्णय लागू. शिक्षा झाली त्या दिवशीचं धोरण धरायचं आणि नंतरचं जास्त सवलतीचं असेल तर ते, असा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिला आहे. हिशेब करा. २००७ मध्ये अटक, पुढे जामीन नाही, तर प्रत्यक्ष सतरा-अठरा वर्षं झाली. त्यात चार-पाच वर्षांची जमा माफी मिळवली की २२ चा टप्पा येतो. म्हणजे या माणसाची सुटका आमदाराशिवाय, अगदी नियमाने झालेली असू शकते. हे ऐकायला कडू लागेल, पण आधीच सांगितलेलं बरं.

शक्यता दुसरीही आहे. बांधाच्या भांडणातला, आधीपासून ठरवून केलेला खून एका वर्गात बसतो आणि रागाच्या भरात झालेला दुसऱ्या वर्गात. कोणी कोणता वर्ग लावला आणि का लावला, यावर चार-चार वर्षांचा फरक पडतो. खरी गोम तिथे असते. ती बाहेरून दिसत नाही, कारण फाइल बंद असते.

ही फाइल कशी असते ते एका प्रकरणावरून सांगतो, कारण मी ती पान न् पान वाचली आहे. पारोळा तालुक्यातला एक शेतमजूर. दारूच्या भरात झालेल्या मारामारीत माणूस दगावला, याला जन्मठेप झाली. नाशिकरोडला सतरा वर्षं झाली तरी प्रस्तावाचा पत्ता नव्हता. त्याची म्हातारी आई दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे यायची. यायचा दिवस ठरलेला, कापसाचे पैसे हातात आले की. पदराच्या गाठीतून ती एक कॅलेंडरचं पान काढायची. त्याच्या पाठीमागे कोणीतरी बॉलपेनने जेलच्या पत्राचा जावक क्रमांक लिहून दिलेला होता. मग एकच प्रश्न: "मना आंडोर कवय येई, आबा?" म्हणजे, माझा मुलगा कधी येईल?

त्या जावक क्रमांकाने काम केलं. विधी सेवेच्या पत्रावरून फाइल माझ्यासमोर आली. तीत जेल अधीक्षकांचा प्रस्ताव चांगला होता: वर्तन उत्तम, सुतारकामात तरबेज, एकही शिक्षा नाही. पोलिसांच्या अहवालात मात्र एक ओळ होती: "सदर बंदी मुक्त झाल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही." गंमत म्हणजे मयताचं घर तोपर्यंत सुरतेला जाऊन दहा वर्षं झाली होती. गावात त्यांचं कोणी उरलंच नव्हतं, शांतता भंग करणार कोण? ही ओळ मी नंतर इतक्या अहवालांत वाचली की ती टाइपरायटरमध्येच कोरलेली असावी असं मला वाटतं. आणि शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत एका वाक्याचं होतं: शासनाने योग्य तो निर्णय घ्यावा. कारण नाही, निकालातल्या एका परिच्छेदाचा उल्लेख नाही. त्या एका वाक्याच्या कागदामुळे वरच्या कार्यालयाने फाइल 'अपूर्ण' म्हणून परत पाठवली होती, आणि ती परत आली आहे हे खाली कोणाच्या लक्षातच नव्हतं. चौदा महिने फाइल एका कपाटात होती. कोणत्या कार्यालयाच्या ते इथे लिहीत नाही.

कोर्टाच्या मताचा मुद्दा तुमच्यासाठीही महत्त्वाचा आहे. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच्या पीठासीन न्यायाधीशाचं, तो बदलून गेला असेल तर त्या खुर्चीवरच्या आताच्या न्यायाधीशाचं, सकारण मत घेणं ही नुसती रीत नाही. राजीव गांधी हत्येतल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २ डिसेंबर २०१५ रोजी ती प्रक्रिया सक्तीची ठरवली. पुढे २०२२ मध्ये छत्तीसगडच्या एका प्रकरणात न्यायालयाने आणखी सांगितलं की मतात पुरेशी कारणं नसतील तर सरकारने ते परत मागवावं, तसंच पुढे रेटू नये. मत देताना बघायचे पाच मुद्दे २००० सालापासून ठरलेले आहेत: गुन्ह्याचा परिणाम समाजावर आहे की दोघांपुरता, तो पुन्हा करेल का, त्याची तशी ताकद राहिली आहे का, आत ठेवून काही साधतं का, आणि घरची परिस्थिती काय. म्हणजे तुमच्या फाइलमध्ये अमळनेरच्या किंवा जिथे खटला चालला त्या कोर्टाचं या पाच मुद्द्यांवरचं मत असायला हवं. नसेल, किंवा ते एका वाक्याचं असेल, तर सुटकेचा आदेश लंगडा आहे.

आता राज्यपालांकडे येऊ. लोकांना वाटतं की राज्यपाल आपल्या मर्जीने सोडतात. १९८० च्या मारू राम निकालापासून हे ठरलेलं आहे की हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा. तरी ओढाताण होतेच. तमिळनाडूच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये राजीव गांधी हत्येतला कैदी पेरारिवलन याला सोडण्याची शिफारस केली. राज्यपालांनी अडीच वर्षांच्या आसपास निर्णयच घेतला नाही आणि मग ती राष्ट्रपतींकडे पाठवून दिली. शेवटी १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच त्याला सोडलं आणि राष्ट्रपतींकडे पाठवण्याला घटनेत आधार नाही असं सांगितलं. तिथे अन्याय निर्णयामुळे झाला नव्हता, निर्णय न घेतल्यामुळे झाला होता. जबाबदारी म्हटलं की लोक चुकीच्या माफीबद्दल बोलतात. न दिलेल्या उत्तराबद्दल कोणी विचारत नाही.

महाराष्ट्राचाही याबाबतीतला इतिहास साधा नाही. जुन्या माणसांना नानावटी प्रकरण आठवत असेल: नौदल अधिकारी नानावटीने पत्नीच्या प्रियकराचा केलेला खून. मार्च १९६० मध्ये मुंबई हायकोर्टाने जन्मठेप दिली त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली, म्हणजे नौदलाच्या ताब्यातून त्याला जेलमध्ये न्यायलाच नको. सर्वोच्च न्यायालयात अपील चालू असताना असं करता येणार नाही, असं त्या न्यायालयाने त्याच वर्षी सांगितलं. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. सबंध महाराष्ट्रात त्यावर चर्चा झाली, पण कारणांचा कागद सर्वसामान्यांच्या हाती पडला नाही. तेव्हापासून आपल्याकडे माफी म्हणजे वरच्या लोकांची गोष्ट ही समजूत घट्ट बसली.

ती समजूत मोडण्याचं काम न्यायालयांनी सावकाश केलं आहे. १९९८ मध्ये उत्तर प्रदेशात एका माजी आमदाराला मिळालेली माफी रद्द झाली, कारण त्याच्यावर आणखी खटले आहेत आणि एक दयेचा अर्ज आधी फेटाळलेला आहे हे राज्यपालांपुढे ठेवलंच नव्हतं. २००६ मध्ये आंध्रातल्या एपुरू सुधाकर प्रकरणात तर अहवालातच कैदी एका पक्षाचा चांगला कार्यकर्ता असल्याची नोंद होती. ती वाचून न्यायालयाने आदेश बाजूला ठेवला. त्या निकालात तपासणीचे निकष आले: डोकं न वापरता दिलेली माफी, वाईट हेतूने दिलेली, बाहेरच्या किंवा गैरलागू गोष्टींवर दिलेली, महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेली, किंवा मनमानी. मी तुमच्यासारख्यांना नेहमी सांगतो की कोर्ट 'माफी योग्य होती का' हे विचारणार नाही. ते विचारेल की माफी 'कशी' दिली. लढायचं असेल तर या 'कशी' वरच लढावं लागतं, आणि त्यासाठी फाइल हातात लागते.

बिल्किस बानो प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या त्या खटल्यातल्या अकरा जणांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने सोडलं. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण खटला मुंबईत चालला होता आणि सोडण्याचा अधिकार असलेलं सरकार महाराष्ट्राचं होतं. मुंबईच्या कोर्टाचं आणि सीबीआयचं मत सुटकेच्या विरोधात होतं, हेही पुढे आलं. त्या दिवशी आमच्या बाररूममध्ये बरीच चर्चा झाली. एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, 'अधिकार नसलेल्या सरकारने सोडलं हे इतकं उघड होतं, तर दीड वर्ष कसं लागलं?' उत्तर सोपं आहे. कागद बाहेर यायलाच वेळ लागला.

अमेरिकेचं उदाहरण देऊन परवा मला कोणीतरी म्हणालं की तिथे राष्ट्राध्यक्ष एका दिवसात दीड हजार लोकांना सोडतो, जानेवारी २०२५ मध्ये सोडलंही, मग आपल्याकडे एवढी झंझट कशाला. तिथल्या राष्ट्राध्यक्षाला घटनेने कारणं देण्याचं बंधन घातलेलं नाही. आपल्याकडे माफी हे सरकारी काम आहे आणि अनुच्छेद १४ ची समानता तिलाही लागू आहे. झंझट आहे ती त्यासाठीच.

फाशीच्या प्रकरणांचं थोडक्यात सांगतो, तुमच्याशी थेट संबंध नाही, पण महाराष्ट्राचा अनुभव बोलका आहे. पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनात राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला, पण फाशीचं वॉरंट निघायला २०१९ उजाडलं. विलंबामुळे मुंबई हायकोर्टाने फाशी रद्द करून दीर्घ मुदतीची शिक्षा दिली, आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. त्याच निकालात प्रत्येक राज्याच्या गृह किंवा कारागृह विभागात दयेच्या अर्जांसाठी वेगळा कक्ष हवा असं सांगितलं. लहान मुलांच्या खुनांत फाशी झालेल्या कोल्हापूरच्या दोन बहिणींच्या प्रकरणात २०२२ मध्ये हेच झालं होतं, कागद हलवण्यातल्या ढिलाईने सात वर्षांवर विलंब झाला. नव्या संहितेच्या कलम ४७२ मध्ये मुदती घातल्या आहेत, ते चांगलं केलं. पण त्याच कलमात राष्ट्रपतींच्या निर्णयाची कोणत्याही कोर्टात चौकशी होणार नाही असंही घुसवलं आहे. माझ्या मते ते टिकणार नाही. साध्या कायद्याने हायकोर्टाचे घटनात्मक अधिकार काढता येत नाहीत.

आता तुम्ही काय करायचं ते.

आधी निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा, हायकोर्टाच्या निकालासह. मग माहिती अधिकाराचे दोन अर्ज करा: एक त्याच्या जेलच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे आणि दुसरा मंत्रालयात गृह विभागाकडे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे कहाणी लिहू नका. सुटकेच्या आदेशाची नक्कल, कोणत्या तरतुदीखाली सोडलं, २०१० च्या निर्णयातला कोणता वर्ग लावला, पीठासीन न्यायाधीशाच्या मताची नक्कल आणि सुटकेची शिफारस करणाऱ्या सल्लागार मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त, एवढंच मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. पाठवायचं तर रजिस्टर टपालाने, आणि पोच जपून ठेवा. त्या म्हातारीच्या कॅलेंडरच्या पानाची किंमत मला, फाइल चौदा महिने पडून होती त्या कपाटामुळेच कळली.

उत्तरात बहुधा 'व्यक्तिगत माहिती' म्हणून नकार येईल, कलम ८(१)(ञ) दाखवून. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने या कलमातली नकाराची सूट आणखी मोठी केली आहे, त्यामुळे नकार देणं आता सोपं झालं. गप्प बसू नका. पहिल्या अपिलात दोन गोष्टी लिहा. एक, कलम ८(२): सार्वजनिक हित जास्त असेल तर माहिती देता येते, ते कलम तसंच आहे. दुसरं, आणि याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं, कलम ४(१)(घ): सरकारने आपल्या निर्णयांची कारणं बाधित व्यक्तींना सांगायची आहेत. वडील गमावलेली मुलगी बाधित नाही असं म्हणायला कोण धजेल? मंत्रिमंडळाची कागदपत्रं आहेत असं म्हणाले तर ८(१)(झ) चं परंतुक दाखवा. निर्णय होऊन बाब संपली की कारणं आणि त्यामागचं साहित्य उघड करायचं असतं. पहिलं अपील तीस दिवसांत, दुसरं नव्वद दिवसांत, आणि दुसरं आपल्या भागातल्या कार्यालयांसाठी माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातं. तिथे तारीख मिळायला वेळ लागतो, तो धरूनच चला.

आदेश हाती आला आणि त्यात न्यायाधीशाचं मत नसेल, वर्ग चुकीचा असेल, किंवा आणखी काही गुन्हे दडवलेले दिसले, तर हायकोर्टात रिट याचिका. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ आहे, पण आदेश मुंबईत निघालेला आणि कैदी दुसऱ्या जेलमध्ये होता, म्हणून कुठे दाखल करायची हे आधी वकिलाकडून पक्कं करून घ्या. उशीर करू नका. सुटून दोन वर्षं झाल्यावर गेलात तर कोर्ट पहिला प्रश्न तोच विचारतं. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिथला अर्ज एका पानाचा आहे.

तुमच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एक काम केलं आहे, जरी ते मुळात कैद्यांसाठी होतं. राज्यात धोरण असेल तर अर्जाची वाट न पाहता पात्र कैद्यांचा विचार करायचा, आणि माफी दिली किंवा नाकारली तरी आदेशात थोडक्यात कारणं लिहायची. त्यामुळे आता 'कारणं लिहिण्याची पद्धत नाही' असं कोणत्याही कार्यालयाला म्हणता येणार नाही. कैद्याला कारण कळतं, मग मयताच्या घरी ते कळवायला काय हरकत आहे? मी कित्येकदा ठिकठिकाणी सुचवलं आहे की सुटकेचा आदेश निघताच फिर्यादीच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड जावं: अमुक कलमाखाली, अमुक अटींवर, अमुक तारखेला सुटका. आदेश जेलच्या दर्शनी फलकावर आणि संकेतस्थळावर लागावा. यासाठी वेगळा कायदा करायची गरज नाही, एका परिपत्रकाने होईल. आजवर झालेलं नाही. तुम्हाला तो चौकात हार घातलेला दिसला म्हणून कळलं, यातच काय ते आलं.

अटींचंही विसरू नका. सशर्त सुटका असेल आणि त्याने तुम्हाला धमकावलं, किंवा गावात राहायला मनाई असताना तो आला, तर सरकार माफी रद्द करून त्याला वॉरंटशिवाय उचलू शकतं. पण मनमानी अटी चालत नाहीत आणि रद्द करण्याआधी त्याला नोटीस द्यावी लागते. त्यामुळे काही झालं की तोंडी सांगू नका, ठाण्यात लेखी तक्रार द्या, तारीख-वेळेसह, आणि पोच घ्या.

पारोळ्याच्या त्या मजुराचं काय झालं असं तुम्ही विचाराल. कोर्टाकडून नवं, पाच मुद्द्यांवर लिहिलेलं मत आलं, पोलिसांचा अहवाल सुरतेच्या पत्त्यासह दुरुस्त झाला आणि पुढच्या दिवाळीआधी तो घरी आला. मयताच्या मुलाला मीच फोन करून सांगितलं होतं. सुरतेहून तो म्हणाला, "आधीच कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, वकीलसाहेब." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

तुम्ही आधी ठाण्यातून रजा की सुटका ते विचारून या. सुटका असेल तर आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागा. ठाण्याने दिला नाही तर जेलच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या अर्जात तीच पहिली ओळ टाका आणि मला कळवा.